उत्तराची उंची

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, कला

‘तू कला शाखेची. तुला त्या वेबपानांच्या भानगडी कशाला हव्यात?’ असे गेल्या वर्षभरात मला अनेकांनी विचारले. विचारणाऱ्यांत घरची माणसे आहेत, वर्गमैत्रिणी आहेत आणि, गुरुजनांनी क्षमा करावी, एकदोन प्राध्यापकही आहेत. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. आज ते या अंकातून देण्याचा प्रयत्न करते. विषय वरवर पाहता अगदीच किरकोळ आहे. मोबाइलवर एखाद्या पानावरील प्रश्नाला बोट लावले की त्याखालचे उत्तर हळूच उलगडते आणि पुन्हा बोट लावले की मिटते. या उलगडण्यामिटण्याविषयी मला लिहावयाचे आहे. हे वाचून कुणी हसेल. मीही आधी हसलेच असते. पण या किरकोळ गोष्टीपायी आमच्या वाडीतील एका माणसाचा एक खाडा माझ्या हातून पडला, आणि तेव्हापासून मला हसू येईनासे झाले.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही कौशल्याचा एखादा विषय घ्यावा लागतो. मी वेबपान तयार करण्याचा विषय घेतला तो आवडीपेक्षा वेळापत्रकाच्या सोयीने. लोट्याला परतणारी एस.टी. चुकू नये, एवढाच विचार त्यामागे होता. वर्षअखेरीस प्रकल्प करावयाचा होता. सरांनी विषय सुचवला : प्रथम वर्षाला प्रवेश घेणाऱ्यांना आणि त्यांच्या पालकांना पडणारे प्रश्न व त्यांची उत्तरे, मराठीत. हा विषय मात्र मला मनापासून आवडला. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. उत्पन्नाचा दाखला कुठे मिळतो, शिष्यवृत्तीचा अर्ज कधी भरावयाचा, ‘छायांकित प्रत’ म्हणजे झेरॉक्सच की आणखी काही, हे सांगणारे घरी कुणी नव्हते. जे मला कुणी सांगितले नाही ते दुसऱ्यांना सांगावे, या भावनेने मी बारा प्रश्न निवडले, उत्तरे लिहिली, कार्यालयात दाखवून तपासून घेतली आणि पान तयार केले. ते महाविद्यालयाचे अधिकृत पान नव्हते, माझा प्रकल्प होता. तरी त्याचा दुवा मी मोठ्या उत्साहाने आमच्या वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पाठवला.

जून महिन्यात वाडीतले एक काका मुलीच्या प्रवेशासाठी आले. ते लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत रोजंदारीवर आहेत. पहिली पाळी सोडून, खाडा पाडून ते आले होते. हातात सर्व दाखल्यांच्या झेरॉक्स प्रती, व्यवस्थित टाचलेल्या. मूळ दाखले मात्र घरी पेटीत. ‘तुझ्या पानावर झेरॉक्स आणा असंच लिहिलंय, बाय,’ ते मला म्हणाले, आणि त्यांनी फोन पुढे केला. मी पाहिले. खरोखरच तेवढेच दिसत होते. मी लिहिलेले शेवटचे वाक्य ‘मूळ प्रती पडताळणीसाठी सोबत आणाव्यात’ असे होते. ते वाक्य पानात होते, पण पडद्यावर नव्हते. उत्तराची चौकट त्याच्या आधीच संपली होती. काका काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. त्यांच्या न बोलण्याचेच मला अधिक वाईट वाटले.

दोष माझाच होता. तो कसा घडला हे सांगितले पाहिजे, कारण असाच दोष पुष्कळांच्या हातून घडत असावा असे मला वाटते.

पानाचे रूप ठरवणारी जी भाषा आहे, तिला सीएसएस म्हणतात. हाकोन विउम ली यांनी १९९४ साली तिची कल्पना मांडली आणि १९९६ च्या डिसेंबरात तिला पहिली मान्यता मिळाली. या भाषेत एखाद्या चौकटीची उंची दोन प्रकारे सांगता येते. एक, नेमक्या आकड्यात : एवढे पिक्सेल. दुसरी, ‘ऑटो’ या शब्दात. म्हणजे आतल्या मजकुराला जेवढी लागेल तेवढी. काही सांगितलेच नाही तर ब्राउझर दुसरा प्रकार धरून चालतो, आणि तोच स्वाभाविक आहे. पुढे २००९ साली एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत हळूहळू जाण्याची सोय मसुद्याच्या रूपाने पुढे आली. रंग हळूहळू बदलावा, चौकट हळूहळू वाढावी, ही ती सोय. पण तिच्यात एक अडचण होती. शून्यापासून एकशेवीसपर्यंत जावयाचे असेल तर मधले टप्पे काढता येतात : तीस, साठ, नव्वद. शून्यापासून ‘जेवढी लागेल तेवढी’ या शब्दापर्यंत जावयाचे असेल तर मधला टप्पा कोणता? आकडा आणि शब्द यांच्यामध्ये अर्धे अंतर काढता येत नाही. म्हणून ब्राउझर हालचाल सोडून देई आणि उत्तर एकदम धाडकन उघडे.

यावर लोकांनी जी पळवाट काढली तीच मीही उचलली : शब्द काढून टाका, आकडा लिहा. मी जो नमुना उतरवून घेतला त्यात १२० लिहिले होते आणि आतला मजकूर इंग्रजी होता. इंग्रजीत तीन ओळींत बसणारे ते उत्तर छान उलगडत होते. मी त्यात मराठी मजकूर घातला. तेच उत्तर पाच ओळींचे झाले. शिवाय आपल्या लिपीला डोक्यावर वेलांट्या आणि मात्रा, पायाशी उकार. अक्षराचा आकार तोच ठेवला तरी ओळीला जागा अधिक लागते. चौकटीबाहेर गेलेला मजकूर दिसू नये अशी सूचनाही त्या नमुन्यातच होती, कारण त्याशिवाय उलगडण्याचा भास होत नाही. तेव्हा जे एकशेवीसच्या पलीकडे गेले ते निमूटपणे कापले गेले. माझ्या संगणकाच्या रुंद पडद्यावर ते कसेबसे मावत होते. काकांच्या अरुंद फोनवर, त्यातही त्यांनी अक्षरे मोठी करून ठेवलेली असल्याने, मावले नाही.

या ठिकाणी मला बाबांची आठवण होते. तेही लोट्याच्याच एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहेत. टाकीच्या बाजूला काचेची एक उभी नळी असते, तिला ते लेव्हल ग्लास म्हणतात. टाकीत जेवढे द्रव असेल तेवढीच पातळी त्या नळीत दिसते. टाकी भरताना नजर नळीवर ठेवावयाची, काल किती वेळात भरली होती त्यावरून आज व्हॉल्व्ह बंद करावयाचा नाही, हा तिथला पहिला धडा. मी त्यांना माझी चूक समजावून सांगितली तेव्हा ते एवढेच म्हणाले, ‘म्हणजे तू नळी न बघताच व्हॉल्व्ह फिरवलास.’ यापेक्षा नेमके वर्णन मला कोणत्याही पुस्तकात सापडले नाही.

दुसरी एक पळवाट आहे, तीही सांगते. उंचीऐवजी ‘जास्तीत जास्त उंची’ लिहावयाची आणि आकडा भरमसाट धरावयाचा, समजा १०००. मजकूर मावतो हे खरे. पण उत्तर १८० पिक्सेलचेच असेल तर मिटताना आकडा हजारावरून निघतो आणि १८० वर येईपर्यंत डोळ्यांना काहीच दिसत नाही. म्हणजे सारख्या वेगाने धरले तर वेळेचे शंभरांतले ब्याऐंशी भाग वाया जातात. माणसाला वाटते, आपले बोट लागलेच नाही. तो पुन्हा बोट लावतो. आणि एखादे उत्तर हजाराच्याही पुढे गेले तर कापाकापी आहेच.

मग योग्य मार्ग कोणता? आधी मोजावयाचे आणि मग हलावयाचे. मिटलेल्या चौकटीतही मजकूर असतोच. त्याची पूर्ण उंची किती, हे जावास्क्रिप्टच्या साहाय्याने ब्राउझरला विचारता येते. ती उंची १८७ निघाली तर शून्यापासून १८७ पर्यंत चौकट न्यावयाची. पाव सेकंद पुरतो; सर्वसाधारण पडदा सेकंदाला साठ वेळा नवे चित्र काढतो, म्हणजे पाव सेकंदात पंधरा चित्रे होतात. हालचाल संपली की १८७ हा आकडा पुसून पुन्हा ‘ऑटो’ हा शब्द ठेवावयाचा. ही शेवटची पायरी पुष्कळजण विसरतात. ती विसरली तर फोन आडवा केला किंवा अक्षर मोठे केले की जुना आकडा पुन्हा मजकूर कापतो. याखेरीज, उलगडत असतानाच कुणी परत बोट लावले तर जिथे असेल तिथून मागे फिरावयाचे. मिटलेले उत्तर मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनांनाही मिटलेलेच वाटले पाहिजे, आणि प्रश्न उघडा आहे की बंद हे अंध वाचकाला कळले पाहिजे.

एवढ्या पायऱ्या बारा प्रश्नांसाठी बारा वेळा लिहावयाच्या म्हटल्या तर त्यांतली एखादी सुटणारच. माझी सुटली. पहिल्या दुरुस्तीत मी अकरा ठिकाणी आकडा बदलला आणि नवव्या प्रश्नाचा विसरले. तेव्हा सरांनी ‘कंपोनंट’ ही कल्पना समजावून सांगितली. हे सर्व शहाणपण एकाच ठिकाणी, एकाच घटकात लिहून ठेवावयाचे. पानावर जिथे उलगडणारे उत्तर हवे तिथे तो घटक ठेवावयाचा आणि आत फक्त आपला मजकूर घालावयाचा. फेसबुकने २०१३ साली ‘रिअ‍ॅक्ट’ सर्वांसाठी खुले केले, पुढच्या वर्षी इव्हान यू यांचे ‘व्ह्यू’ आले, आणि पान अशा घटकांतून रचावयाची रीत रूढ झाली. घटकात चूक सापडली तर ती एकाच ठिकाणी सुधारावयाची. ती सर्वत्र सुधारते.

आपल्याला ही कल्पना नवी वाटण्याचे कारण नाही. जावजी दादाजींनी मुंबईत १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. देवनागरीच्या सुबक खिळ्यांसाठी तो नावाजला गेला. एक ‘ळ’ एकदा मन लावून कोरला म्हणजे पुढच्या प्रत्येक पुस्तकाला तो चांगलाच मिळतो. पुस्तक कोणते असेल हे खिळा पाडणाऱ्याला ठाऊक नसते, ठाऊक असण्याची गरजही नसते. फरक एवढाच की खिळ्याचे माप ठरलेले असते आणि आमचा घटक प्रत्येक मजकुराचे माप नव्याने घेतो. शिंप्याने दरवेळी टेप लावावी तसा. शिवण्याची रीत एक, मापे ज्याची त्याची.

आता आक्षेपांकडे वळते. पहिला आक्षेप माझ्या एका हुशार मित्राचा : ‘हालचाल हवीच कशाला? उत्तर एकदम उघडले तर काय बिघडते? हा सगळा शृंगार आहे.’ मलाही आधी तसेच वाटे. मग मी पान आईच्या हातात दिले. आईचे शिक्षण चौथीपर्यंत. ती वाचते, पण सावकाश, ओळीवर बोट ठेवून. तिने दुसऱ्या प्रश्नाला बोट लावले. उत्तर एकदम उघडले, खालचे प्रश्न पडद्याबाहेर गेले. ‘अगं, मघाशी होतं ते गेलं कुठं? दुसरंच काहीतरी आलं,’ असे म्हणत तिने मागे जाण्याची खूण दाबली आणि ती पानाबाहेर पडली. हे तीनदा झाले. नंतर मी हळू उलगडणारे पान दिले. या वेळी ती म्हणाली, ‘खाली सरकलं होय!’ आणि वाचू लागली. जी गोष्ट आपण सांगून समजावली असती ती त्या पाव सेकंदाने समजावली. ज्याला पडद्याची सवय आहे त्याला हा शृंगार वाटतो. ज्याच्या हाती फोन नुकता आला आहे त्याला ती वाट दाखवणारी खूण असते.

पानावरील मजकूर आपोआप उड्या मारतो का, हे मोजण्याचे एक माप गूगलने २०२० साली पुढे आणले. ते ०.१ च्या आत असावे असे मानतात. माप चांगले आहे. पण आपण बोट लावल्यानंतर अर्ध्या सेकंदात जी उडी पडते ती त्यात धरत नाहीत, कारण ती वापरणाऱ्याने स्वतः मागितलेली असते असे गृहीत आहे. आईने ती मागितली होती का? तिने उत्तर मागितले होते, उडी मागितली नव्हती. तेव्हा मापाचा आकडा उत्तम आला म्हणून आपले पान सर्वांना समजले, असे मानण्यात अर्थ नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो मला मान्य आहे. उंची बदलताना ब्राउझरला प्रत्येक चित्रागणिक खालच्या सगळ्या मजकुराची मांडणी नव्याने करावी लागते. स्वस्तातल्या फोनला ते जड जाते. म्हणून शेकडो नोंदींच्या लांबलचक यादीत असली हालचाल टाळावी, आणि जिथे ठेवावी तिथे ती थोडक्यात आटोपावी. तिसरा आक्षेप असा की काहीजणांना पडद्यावरच्या हालचालीने गरगरते. हेही खरे. २०१३ साली आयफोनच्या नव्या रूपातील हालचालींविषयी अशा तक्रारी झाल्या होत्या. फोनमध्ये ‘हालचाल कमी करा’ असा पर्याय असतो, आणि २०१७ पासून तो पर्याय कुणी निवडला आहे का हे पानाला कळण्याची सोय ब्राउझरांत येऊ लागली. ज्याने तो निवडला आहे त्याला आमच्या घटकाने मुकाट्याने उत्तर उघडून द्यावे. हा विवेकही एकाच ठिकाणी लिहिला की सर्वत्र लागू होतो.

चौथा आक्षेप : एचटीएमएलमध्ये उघडमीट करणारा तयार घटक आहेच, आणि क्रोमच्या १२९व्या आवृत्तीपासून, म्हणजे सप्टेंबर २०२४ पासून, शून्यापासून ‘ऑटो’पर्यंत हळूहळू जाण्याची सोयही आली आहे, मग तुमचा खटाटोप कशाला? मला याचा आनंदच आहे. जे आम्ही बाहेरून मोजत होतो ते ब्राउझर आतून मोजू लागला. पण आमच्या वाडीत बरेच फोन एकाकडून दुसऱ्याकडे आलेले आहेत. मोठ्या भावाचा जुना फोन आईकडे, तिचा आजीकडे. तिथे नवी सोय पोचेपर्यंत घटक हवा. आणि ती सर्वत्र पोचली की घटकाच्या पोटातले मोजमाप काढून टाकावे. तो वापरणाऱ्या पानांना त्याचा पत्ताही लागणार नाही.

या सर्वांतून माझे मत असे बनले आहे. हालचाल ही दुसरी गोष्ट; पहिली गोष्ट म्हणजे उत्तर पूर्ण दिसणे. दोहोंपैकी एक सोडावयाची वेळ आली तर हालचाल खुशाल सोडावी, ओळ सोडू नये. अक्षरे दुप्पट मोठी केली तरी मजकूर हरवता कामा नये, हा नियम वेबच्या जागतिक संस्थेने २००८ सालीच लिहून ठेवला आहे. मजकुराला किती जागा लागेल हे मजकुरालाच विचारावे. चौकट आधी आखून त्यात माणसांची भाषा कोंबू नये. हा प्रश्न तंत्राचा आहे तितकाच भाषेचाही आहे, आणि म्हणून तो कला शाखेचाही आहे. इंग्रजी नमुन्यावर ठीक दिसणारे पान मराठीत कुठे कापले जाते, हे पहिल्यांदा मराठी लिहिणाऱ्यालाच दिसणार. ते त्याने दुसऱ्याच्या भरवशावर सोडले तर ते कुणीच पाहणार नाही, आणि कापलेल्या ओळीची किंमत खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला भरावी लागेल.

माझा घटक आता भूगोलाच्या एका मित्राने त्याच्या प्रकल्पात वापरला आहे, आणि त्याने त्यातली एक चूक मला दाखवून दिली : छायाचित्र उशिरा उतरले तर मोजलेली उंची कमी भरत असे. ती मी सुधारली. त्याच्या आणि माझ्या, दोन्ही पानांवर सुधारली गेली. ज्याला हवा त्याने तो घ्यावा. फक्त एक विनंती आहे. या वर्षी जे विद्यार्थी हा विषय घेणार आहेत, त्यांनी प्रकल्प जमा करण्यापूर्वी आपले पान मराठी मजकुरासह, अक्षरे मोठी करून, घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर उघडावे आणि आईच्या, आजीच्या किंवा शेजारच्या काकांच्या हातात द्यावे. जवळ बसावे, पण सांगू नये. ते कुठे थांबतात तेवढे पाहावे.

काकांची मुलगी या वर्षी प्रथम वर्षात आहे, एस.टी.त माझ्या शेजारी बसते. त्या उत्तराचे शेवटचे वाक्य मी आता पहिले केले आहे.